अम्मीने पाणी मागितले तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अल्लाहच्या कृपेने अम्मीला उमराहला नेण्याचा योग आला. मक्का-मदिनेच्या प्रवासाची वर्णने या मासिकाच्या वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत. त्यात मी काही नवी भर घालू शकेन असे वाटत नाही. मला सांगायचे आहे ते वाटेतले, मुंबई ते जेद्दा या साडेपाच तासांतले. परत आल्यावर ओळखीच्या चार-पाच घरांत हा विषय निघाला. प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणाले, ‘आमच्याही बाबतीत असेच झाले होते, पण बोलणार कुणाला?’ म्हणून लिहायला बसले.

अम्मीचे वय अडुसष्ट. सोलापुरात तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून घर चालले, माझी बी. एड.ची फी गेली आणि उरलेले पैसे पत्र्याच्या एका डब्यात पडत राहिले. तो डबा ‘अल्लाहच्या घराचा’ होता. त्याला हात लावायची घरात कुणाची हिंमत नव्हती. शेवटी त्यात आम्ही भावंडांनी भर घातली आणि अम्मी, माझा धाकटा भाऊ आणि मी असे तिघे निघालो.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर सोडले. अम्मीने दोन दिवस खपून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती. माझे नाना जहाजाने हजला गेले होते. मुंबईहून जेद्दाला जाणारी हाजींची जहाजे १९९५ साली बंद झाली, पण त्यांच्या गोष्टी आमच्या घरात चालूच राहिल्या. जहाजावर सगळे एकमेकांचे डबे उघडून जेवत, आजाऱ्याचे पाय दाबत, अनोळखी माणसे भाऊ होऊन उतरत. अम्मीच्या मनात विमान म्हणजे उडणारे जहाजच होते. शेजाऱ्याला द्यायला म्हणून तिने चार भाकऱ्या जास्त घेतल्या होत्या.

मुंबईच्या विमानतळाचे ते उंच, मोरपिसाच्या नक्षीचे छत पाहून ती म्हणाली, “ये टेशन है की शादीखाना?” भावाने तिथेच एहरामच्या दोन पांढऱ्या चादरी नेसल्या. अम्मीने दोन रकात नमाज पढली. तिचा चेहरा असा उजळलेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

विमानात आमची जागा अशी आली: खिडकीशी एक तरुण, मध्ये मी, कडेला अम्मी. भाऊ सात-आठ रांगा मागे. विमानात निम्मे उमराहचे यात्रेकरू होते आणि निम्मे नोकरीवर परतणारे कामगार. आमच्या खिडकीतला तरुण उत्तर प्रदेशातला. जेद्दात फरशी बसवण्याचे काम करणारा. अम्मीने बसल्या बसल्या त्याचे गाव, आईवडील, पोरेबाळे सगळे विचारून घेतले आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवला.

विमान वर जाऊन स्थिरावले. तासाभराने अम्मीला तहान लागली. तिला मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. शिवाय विमानातली हवा फार कोरडी असते. बंद केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच तो ठेवतात. ओलावा तर बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. म्हाताऱ्या माणसाचा घसा सुकतो तो उगाच नाही. पण हे सगळे मी नंतर वाचले. त्या वेळी एवढेच झाले की बाजूने एक हवाई सुंदरी झपझप चालली होती, अम्मीने तिच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, “बेटा, थोडा पानी.”

ती मुलगी झटका बसल्यासारखी मागे सरली. “हात मत लगाइए! बैठिए. सबको मिलेगा.” एवढे मोठ्याने, की तीन रांगा वळून पाहू लागल्या.

अम्मीने हात मागे घेतला आणि ओढणीखाली ठेवला. चाळीस वर्षे तेंदूची पाने कापून, तंबाखू भरून पिवळी पडलेली ती बोटे. मला ओरडावेसे वाटले, पण शब्द फुटले नाहीत. मी डोक्यावरचे बटण दाबले. दिवा लागला. कुणी आले नाही. खिडकीतला तरुण हळूच म्हणाला, “मैडम, हम लोग तो बटन दबाते ही नहीं।” आणि त्याने त्याच्या पिशवीतली अर्धी बाटली पुढे केली. अम्मीने त्यातल्या दोन घोटांवर गोळी घेतली.

हा पहिला प्रसंग. दुसरा झाला तो मीकात जवळ येत असताना.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मक्केच्या चहूबाजूंना ठरवून दिलेल्या हद्दी आहेत. त्यांना मीकात म्हणतात. ती हद्द ओलांडण्याआधी एहरामची नियत करावी लागते. नानांच्या काळी जहाज यलमलमच्या समोर आले की भोंगा व्हायचा आणि सगळे डेकवर एहराम बांधून उभे राहायचे. आता विमान जेद्दाला उतरण्याआधीच आकाशातून ती हद्द ओलांडते. म्हणून वैमानिक आधी घोषणा करतो, ‘थोड्याच वेळात आपण मीकातवरून जाणार आहोत.’ अम्मीला नियत करण्याआधी ताजा वुजू हवा होता. मी तिला मागच्या स्वच्छतागृहापर्यंत सोडून दाराशी उभी राहिले.

आत काय झाले ते तुम्हाला कळले असेल. ते बेसिन हातभर रुंद. पाय धुताना पाणी खाली सांडले. अम्मी बाहेर आली, तिच्या चपलांबरोबर पाणी बाहेरच्या गालिच्यावर आले. तीच मुलगी तिथे होती. “ये क्या किया आपने? ये आपका घर नहीं है!” अम्मी ओढणीच्या टोकाने पुसायला वाकली. मी तिला धरून उभे केले. तेवढ्यात ती मुलगी आपल्या सहकाऱ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, “एव्हरी फ्लाइट, दीज पीपल.” दर वेळी हीच माणसे, असेच करणार.

आम्हाला इंग्रजी कळत नसेल असे तिला वाटले असावे.

भाऊ मागच्याच बाजूला बसला होता. त्याने सगळे ऐकले. तो उठला, मोबाइल काढला आणि चित्रीकरण सुरू करीत म्हणाला, “आता दाखवतो हिला!” आजूबाजूचे दोघे-तिघेही उभे राहिले. मी त्याच्या मोबाइलवर हात ठेवला आणि म्हटले, “बस खाली. तुझ्या अंगावर काय आहे ते बघ.” त्याने आपल्या पांढऱ्या चादरीकडे पाहिले. तो बसला, पण रडवेला होऊन बसला.

त्याला थांबवण्यामागे दोन कारणे होती. एक आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हजच्या काळात भांडणतंटा नको असे सूरह बकरामध्ये बजावलेले आहे आणि उमराहचा एहरामही तोच आदब मागतो. दुसरे कारण कायद्याचे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली बेशिस्त प्रवाशांसाठी नियम केले. शिवीगाळ किंवा धमकावणारे हातवारे केले तर तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की केली तर सहा महिन्यांपर्यंत आणि विमानाच्या सुरक्षेला किंवा कुणाच्या जिवाला धोका होईल असे वागले तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानप्रवासावर बंदी येऊ शकते. कर्मचाऱ्यांनी मनाई केल्यावर चित्रीकरण चालू ठेवणेही अंगाशी येते. विमान हवेत असताना वैमानिकाचा आणि कर्मचाऱ्यांचा शब्द अखेरचा असतो. आपण आवाज चढवला की झालेला अपमान बाजूला राहतो आणि कागदावर आपलीच बेशिस्त नोंदली जाते. ज्याचे म्हणणे खरे आहे त्याने तर आवाज चढवूच नये.

पण गप्पही बसायचे नव्हते. अम्मीला जागेवर बसवले आणि मी मागे गेले. खरे सांगते, पाय थरथरत होते. पंचवीस वर्षांच्या आसपासची ती मुलगी जेवणाचे ट्रे रचत होती. केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. तिच्याकडे पाहताना मला, काय सांगू, आमच्या शाळेचा वऱ्हांडा आठवला. विड्यांचे पान-तंबाखू आणायला कारखान्यात जाऊन उशिरा पोहोचलेल्या आया आपल्या मुलांच्या चौकशीला येतात तेव्हा तासाच्या मध्येच दारात उभ्या राहतात. मी त्यांना कितीदा म्हटले आहे, “बाहेर थांबा. तुम्हा लोकांना कितीदा सांगायचे?” ‘तुम्हा लोकांना.’ माझ्याच आईसारख्या बायकांना मी हे म्हणत आले होते आणि ते मला कधी टोचले नव्हते.

त्यामुळे राग गेला असे नाही. पण त्या मुलीशी भांडून अद्दल घडवायची, ही इच्छा मात्र ओसरली. मी तिला म्हटले, “मला तुमच्या केबिनच्या प्रमुखांशी बोलायचे आहे.” तिने नजर वर न करता विचारले, “किस बारे में?” मी म्हटले, “तुमच्याच वागण्याबद्दल. तुम्हीही थांबा, तुमच्यासमोरच बोलते.”

प्रमुख चाळिशीचे गृहस्थ होते. मी तीन गोष्टी सांगितल्या, इंग्रजीतून आणि हळू आवाजात. पहिली, माझ्या आईने बाहीला हात लावायला नको होता आणि पाणी सांडल्याबद्दल मला खेद आहे; कागद द्या, मी पुसून घेते. दुसरी, मधुमेह असलेल्या वृद्ध बाईने गोळीसाठी पाणी मागितले, बटण दाबले, तरी पाणी मिळाले नाही. तिसरी, ‘दीज पीपल’ हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत आणि ते मी लेखी कळवणार आहे. कृपया दोघांची नावे सांगा.

त्यांनी नावे सांगितली. माफी मागितली. स्वतः दोन पेले पाणी घेऊन अम्मीजवळ गेले आणि गुडघ्यावर बसून म्हणाले, “अम्माजी, माफ कीजिए.” ती मुलगी काही बोलली नाही. उतरेपर्यंत ती आमच्या बाजूने गेली ती मान वळवूनच. गोष्टींत होते तसा तिचा पश्चात्ताप वगैरे मला दिसला नाही. दिसावा अशी अटही मी घातली नव्हती.

पाच-दहा मिनिटांत मीकातची घोषणा झाली. विमानभर ‘लब्बैक’ची हलकी लाट उठली. अम्मीचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. मीही नियत केली. खिडकीतला तरुण उमराहला निघाला नव्हता, पण त्यानेही हात उचलले होते.

मक्केत अम्मीने काबा पहिल्यांदा पाहिला, ते मी लिहू शकणार नाही. एकच गोष्ट सांगते. हरममध्ये ठिकठिकाणी जमजमचे कूलर रांगेने मांडलेले असतात, काही थंड पाण्याचे, काही साध्या पाण्याचे, शेजारी पेले. अम्मी प्रत्येक कूलरशी थांबायची. तहान असो-नसो, पेला भरायची, बसून तीन घोटांत प्यायची. एकदा मी म्हटले, “अम्मी, किती पाणी पिशील?” ती म्हणाली, “यहां मांगना नई पडता ना.”

तेव्हा मला वाटले, ती जमजमच्या बरकतीबद्दल बोलते आहे. तिला काय म्हणायचे होते ते परतीच्या दिवशी कळले. जेद्दाला निघण्याच्या आदल्या रात्रीपासून तिने पाण्याला स्पर्श केला नाही. सकाळचा चहाही नाही. विमानात पाण्याची गाडी आली, या वेळच्या कर्मचाऱ्याने हसून पेला पुढे केला, तिने मान हलवली. “नक्को.” मी पुष्कळ विनवले. ती म्हणाली, “पानी पी तो बाथरूम जाना पडता. फिर गीला हुआ तो? मेरेसे नई होता वो.” मुंबईला उतरलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि टॅक्सीत तिला चक्कर आली.

उद्धट बोलणे ऐकून घ्यावे, प्रवासात एवढे चालायचेच, असे म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. बोलणारा विसरून जातो. ऐकणारे म्हातारे माणूस मात्र दहा दिवसांनी, दुसऱ्या विमानात, दुसऱ्या माणसांसमोरही पाणी प्यायला घाबरते. सोलापूरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहायला घेतली.

पहिला कागद भरला तो रागाने. दुसऱ्या दिवशी वाचून फाडला. मुलांना निबंधातली विशेषणे कमी करायला सांगते, तेच स्वतः केले. प्रवासाची तारीख, विमानाचा क्रमांक, आसनांचे क्रमांक, घटना उड्डाणानंतर साधारण किती वेळाने झाली, कोण काय म्हणाले ते जसेच्या तसे, प्रमुखांचे नाव, बोर्डिंग पासची प्रत. आपली चूक कुठे होती तेही लिहिले. शेवटी मागणी एकच: वृद्ध आणि पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या यात्रेकरूंशी कसे बोलावे याची समज कर्मचाऱ्यांना द्यावी आणि काय केले ते मला कळवावे. एक पान झाले.

अशी तक्रार कुठे करायची हे पुष्कळांना माहीत नसते. सगळ्यात आधी विमान कंपनीकडे, तिच्या संकेतस्थळावर किंवा ई-मेलने. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर अपील अधिकाऱ्याकडे. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ नावाचे पोर्टल आणि अ‍ॅप आहे; तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवेतला दोष मोठा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. आपल्यात शिकलेली मुलेमुली आता घरोघरी आहेत. मोहल्ल्यातल्या एखाद्या वृद्धाचा असा अर्ज लिहून देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

आपल्याकडूनही काही गोष्टी व्हायला हव्यात, हे मान्य केले पाहिजे. विमानातले कर्मचारी हे आधी सुरक्षेसाठी असतात, वाढण्याचे काम नंतरचे. दर पन्नास आसनांमागे किमान एक, एवढाच त्यांचा हिशेब असतो. स्वच्छतागृहाच्या ओल्या जमिनीवर कुणी घसरून पडू शकते. म्हणून वुजू शक्यतो विमानतळावरच, बसण्याच्या अगदी आधी करावा. लांब प्रवास असेल तर फवाऱ्याची छोटी बाटली जवळ ठेवावी, पाणी सांडले तर कागदाने पुसून यावे. विमानात वुजू आणि नमाजची सवलत काय आहे ते निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते, ती आत गेल्यावर भरून घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना बटण कोणते, पट्टा कसा सोडायचा, नळ कसा दाबायचा, हे निघण्याआधी मोबाइलवरच्या चित्रात दाखवावे. मी हे केले नव्हते. तिकिटे, व्हिसा, हॉटेल सगळे पाहिले आणि अम्मीला हे दाखवायचे राहिले.

तीन आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले. छापील वाटावी अशी माफी, पण खाली दोन ओळी वेगळ्या होत्या: संबंधित कर्मचाऱ्याशी बोलणे झाले आहे आणि जेद्दा मार्गावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा प्रसंग घेतला जाईल. खरेच घेतला की नाही, मला पाहायला मिळणार नाही. मी ते पत्र अम्मीला मराठीतून वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “उस छोकरी की नौकरी तो नई गई ना?” मी म्हटले, “नाही अम्मी, तसे काही लिहिलेले नाही.” “बस,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, “और लिखी वो अच्छा करी तू.”

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात तासाच्या मध्येच एक आई दारात येऊन उभी राहिली. हाताला तंबाखूचा वास, कडेवर लहान मूल. मी खडू ठेवला, वऱ्हांड्यातली खुर्ची पुढे ओढली आणि म्हटले, “बसा, दहा मिनिटांत येते. पाणी घेणार?”